अठराव्या रांगेतला श्रोता

मोजणीसाहेबांना दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या खपत नसत. ते चहा घेत आणि दूधही घेत, पण वेगवेगळ्या कपांतून. जमीनमोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात हद्द या गोष्टीविषयी जो आदर असतो, तो तुमच्याआमच्या मनात नसतो. त्यांच्या टेबलावर पेन आणि पेन्सिल शेजारी शेजारी असत, पण मध्ये पट्टी असे. असल्या माणसावर दोन आवाज एकमेकांत बेमालूम मिसळायची पाळी आली आणि त्यात बायकोची बावीस वर्षांची हौस पणाला लागली, त्याची ही हकीकत.

बायको त्यांच्या इमारतीच्या महिला गायनवृंदात गात असे. जागा ठरलेली: मागची रांग, डावीकडून तिसरी. मागच्या रांगेचं काम मोठं चमत्कारिक असतं. ती गाते तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि गप्प राहिली की मात्र सगळ्यांच्या लक्षात येतं. बावीस वर्षं तिने हे काम बिनतक्रार केलं. मग यंदा पुढच्या रांगेतली मुख्य गायिका मुलाकडे राहायला गेली, आणि वृंद चालवणाऱ्या गाण्याच्या बाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवून बोट मागच्या रांगेकडे केलं.

"अहो, मला चार ओळी मिळाल्या," बायको घरी येऊन चपला न काढताच म्हणाली.

"कशाच्या?"

"शेवटच्या गाण्यात. एकटीने गायच्या."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. खातं बंद पडणार अशी अफवा आली होती तेव्हासुद्धा त्यांनी तो खाली ठेवला नव्हता.

चार ओळी तशा काही फार नव्हेत, पण त्या ओळींच्या पलीकडे एक मोठं सभागृह उभं होतं. दूरच्या मोठ्या शहरात दरवर्षी संगीत संमेलन भरे. तीन हजार खुर्च्या, मागे चाळीस वादकांचा वाद्यवृंद आणि समोर खरे श्रोते, म्हणजे गाणाऱ्यांचे नातेवाईक नसलेले. तिथे एकदा तरी गायचं हे वृंदाचं जुनं स्वप्न. प्रवेशाच्या अर्जासोबत आपल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पाठवावं लागे. ते प्रत्यक्ष कार्यक्रमाचं हवं, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सलग हवं, एक सेकंदाचीही काटछाट नको.

दोन वर्षांपूर्वी कोणीतरी प्रेक्षकांत बसून फोनवर मुद्रण करून पाठवलं होतं. उत्तर आलं: "सदर ध्वनिमुद्रणात श्रोते स्पष्ट ऐकू येतात. गायिकांचे अस्तित्व सिद्ध होत नाही." म्हणून गेल्या वर्षी, जिथे वृंदाचा वार्षिक कार्यक्रम होई त्या हॉलच्या साउंडवाल्याकडून थेट त्याच्या बटणांच्या बोर्डातून आवाज उतरवून घेतला. एकेका बाईचा श्वास मोजून घ्यावा इतका स्वच्छ. त्यावर उत्तर आलं: "गायिकांचे अस्तित्व सिद्ध होते. तथापि श्रोत्यांचे होत नाही. सबब हा प्रत्यक्ष कार्यक्रम होता असे मानता येत नाही."

"यंदा तुम्ही करा," बायको म्हणाली.

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"दादाला विचारलंय मी. तो म्हणाला, गाण्यातलं कळायची गरज नाही. सगळं मोजमाप आहे."

दादा म्हणजे तिचा भाऊ. उभा जन्म रेडिओत गेलेला. साहेबांना हा मेहुणा दर भेटीत खर्जातल्या आवाजात काहीतरी शिकवत असे आणि साहेब ते न शिकण्याची दर भेटीत काळजी घेत. पण या वेळी त्यांनी आपण होऊन फोन लावला. यावरून बायकोच्या चार ओळींचं वजन लक्षात यावं.

"भावोजी, सोपं आहे," मेहुणा म्हणाला. "एक आवाज बोर्डातून वायरीने घ्यायचा. त्यात गाणाऱ्या बायका. दुसरा आवाज प्रेक्षकांत माइक ठेवून घ्यायचा. त्यात हॉल, टाळ्या, माणसं. मग दोन्ही मिसळायचे."

"मिसळायचे," साहेब पडेल आवाजात म्हणाले.

"पण जपून. वायरीतला आवाज लिफ्टने येतो आणि हवेतला जिन्याने. दोघं एकदम निघाले तरी जिनेवाला मागे राहतो. तसेच मिसळलेत तर प्रत्येक बाई दोनदा गाते असं वाटेल."

"मग?"

"मग लिफ्टवाल्याला दारात उभं करायचं, जिनेवाला पोचेपर्यंत."

"किती वेळ?"

"जिना किती लांब आहे त्यावर."

आता मात्र साहेब खुर्चीत ताठ झाले. लांबी हा शब्द निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत त्यांच्या कानावर आला नव्हता.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहत. इमारतीत कोणतीही गोष्ट घडायची असली की तिच्यावर आधी त्यांचं मत घडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चौदा बायकांच्या अठ्ठावीस होत असतील तर बिघडलं कुठे? संख्याबळ वाढेल." साहेबांनी त्यांना अर्धा तास समजावलं. हेडमास्तर म्हणाले, "पटलं. पण माझा मुद्दा कायम आहे."

मेहुण्याने मुद्रणाचं यंत्र आणि माइक कुरियरने पाठवला. साहेब परवानगीचा अर्ज घेऊन हॉलच्या व्यवस्थापकांकडे गेले. व्यवस्थापकांच्या खोलीत एक टेबल, त्यावर काच, काचेखाली नियम आणि नियमांवर व्यवस्थापकांची कोपरं अशी मांडणी होती.

"स्टँड कुठे ठेवणार?"

"मधल्या वाटेत. अठराव्या रांगेपाशी."

"वाटेत काही ठेवता येत नाही. आग लागली तर लोक अडखळतील."

"मग खुर्च्यांच्या मध्ये?"

"तिथे माणसांचे पाय असतात."

"मग खुर्चीवर?"

व्यवस्थापकांनी कोपर उचलून खालचा नियम वाचला. "खुर्चीवर ठेवा. पण खुर्चीला तिकीट लागतं. आणि राखीव तिकिटाला हा फॉर्म."

फॉर्मवर प्रेक्षकाचं नाव, वय आणि नातं असे रकाने होते. साहेबांनी नाव लिहिलं: माइक. नात्याच्या रकान्यात बराच विचार करून लिहिलं: मेहुण्याकडून. वयाच्या रकान्यात, ते यंत्र चार वर्षांपूर्वीचं आहे हे ठाऊक असल्याने, चार.

व्यवस्थापकांनी फॉर्म वाचला आणि परत केला. "पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही."

"अहो, ते मूल नाही."

"नाही ना? मग तसा पुरावा जोडा."

चौतीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी एक इंचाची खोटी नोंद केली नव्हती. एकदा खुद्द मंत्र्यांच्या कुंपणाला त्यांनी सव्वा फूट मागे सरकवलं होतं. त्या दिवशी हॉलच्या कचेरीत उभ्या उभ्या त्यांनी चाराचा आकडा खोडून त्याचे सहा केले.

दुसऱ्या दिवशी ते पोलादी टेप घेऊन हॉलमध्ये गेले. स्टेजवरच्या स्पीकरपासून अठराव्या रांगेतल्या बाराव्या खुर्चीपर्यंत अंतर भरलं तेवीस मीटर चाळीस सेंटिमीटर. साउंडवाला बोर्डावर पाय ठेवून केळं खात हे बघत होता. तो गेली वीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमात "आवाज वाढवा" आणि "आवाज कमी करा" ही दोन वाक्यं एकाच वेळी ऐकत आला होता, त्यामुळे त्याचं कशानेच बिनसत नसे.

"अडुसष्ट हजारांश सेकंद," साहेबांनी वहीत हिशोब करून जाहीर केलं. "पण हे चोवीस अंशाला. कार्यक्रमाच्या वेळी हॉलचं तापमान किती असतं?"

"लोक किती येतात त्यावर आहे साहेब. बायकांचा कार्यक्रम असला की नवरे येतात, ते झोपतात, मग हॉल थंड राहतो."

साहेबांनी वहीत टीप केली. हवा तापली की आवाजाची चाल वाढते हे त्यांना मेहुण्याकडून कळलं होतं, आणि जी गोष्ट तापमानाने बदलते तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मेहुणा म्हणाला होता, "एवढं मोजूबिजू नका. स्टेजवरून एक खणखणीत टाळी वाजवा. दोन्ही मुद्रणांत तिचा टोकदार ठसा उमटतो. ठशावर ठसा आणून ठेवा, संपलं." ही टाळी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये वाजवता आली असती. कोणीही तसंच केलं असतं. पण रिकाम्या हॉलची टाळी भरलेल्या हॉलला लागू करायची म्हणजे उन्हाळ्यात मोजलेली नदी पावसाळ्यात तेवढीच आहे असं म्हणण्यापैकी आहे, असं साहेबांचं मत पडलं. त्यांनी ठरवलं, टाळी भरल्या हॉलमध्येच वाजवायची.

इकडे इमारतीत बातमी पसरली की यंदा प्रेक्षकांचंही मुद्रण होणार आहे. बातमी पसरली आणि माणसं बदलली. आजवर कार्यक्रमाचं तिकीट द्यायला गेलं की ज्यांना त्याच दिवशी नेमकं काहीतरी निघायचं, ते सगळे अठरावी रांग मागू लागले. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "मला माइकच्या उजव्या हाताला द्या. माझी डावी बाजू जास्त बोलकी आहे." एका काकूंनी घरी येऊन नमुन्यादाखल तीन वेळा "वाह" म्हणून दाखवलं आणि कोणतं ठेवू असं विचारलं.

हेडमास्तरांनी हा प्रकार वेळीच हाती घेतला. "बेशिस्त टाळ्यांनी श्रोते सिद्ध होत नाहीत, जमाव सिद्ध होतो," असं म्हणून त्यांनी टाळ्यांचं वेळापत्रक केलं. कुठे आखूड, कुठे लांब, कुठे नुसती मान डोलवायची. मान डोलवलेली मुद्रणात येत नाही हे साहेबांनी नम्रपणे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मनापासून डोलवली तर येते." गच्चीवर दोन तालमी झाल्या. वेळापत्रकासाठी त्यांनी गाण्याच्या बाईंकडून गाण्यांचे कागद मिळवले होते. शेवटच्या गाण्यात, एकटीने गायच्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये बाईंनी लिहिलं होतं: इथे पूर्ण थांबणे. हेडमास्तरांनी आयुष्यभर थांबण्याच्या खुणेला पूर्णविराम म्हटलं होतं आणि पूर्णविरामाला शेवट. त्यांनी तिथे लाल शाईने लिहिलं: प्रचंड, दीर्घ.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिलं संकट खुर्चीने आणलं. हॉलच्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते. माइकचं वजन माणसाएवढं नसल्यामुळे खुर्चीला तो बसलाय हेच पटेना. साहेबांनी स्टँड ठेवला की ती फटकन मिटे आणि स्टँडला मिठीत घेई. शेवटी जमीनमोजणीचा जुना नकाशासंग्रह, तीन खंड, घरून आणून बैठकीवर ठेवला, तेव्हा कुठे खुर्चीने मान्य केलं. तेवढ्यात दाराशी उभा राहणारा माणूस आला, त्याने स्टँडला चिकटवलेलं तिकीट तपासलं, अर्धं फाडून घेतलं आणि माइकला उद्देशून म्हणाला, "मध्ये उठायचं नाही."

पाचला हॉल भरला. साहेबांनी तापमान घेतलं. अठ्ठावीस. नवरे अजून जागे होते. पडदा उघडायच्या आधी ते स्टेजवर पुढे आले, माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी एक खणखणीत टाळी वाजवली.

प्रेक्षकांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "एक मिनिट. फक्त मी वाजवणार," असं म्हणून त्यांनी पुन्हा एक टाळी वाजवली. हा विनम्रपणाचा काहीतरी प्रकार असावा अशी हॉलची समजूत झाली आणि या वेळी टाळ्या जास्त पडल्या. अठराव्या रांगेतून एक "वाह" आलं. तिसऱ्या टाळीला पहिल्या रांगेतले दोन वृद्ध उठून उभे राहिले, त्यांना उभं पाहून मागचे उठले, आणि बघता बघता सबंध हॉल उभा राहून जमीनमोजणी खात्याच्या निवृत्त अधिकाऱ्याला मानवंदना देऊ लागला. हेडमास्तर वेळापत्रकात बोट घालून ही नोंद शोधत होते.

नंतर प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं. त्यांच्या भाषणाला एवढ्या टाळ्या पडल्या नाहीत, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं.

साहेब साउंडवाल्याशेजारी कानाला हेडफोन लावून बसले. एका बटणाला बोर्डातला आवाज, दुसऱ्याला हॉलमधला. पहिल्या बटणावर चौदा बायका गात होत्या. दुसऱ्या बटणावर त्याच बायका लांबून गात होत्या आणि जवळून दंतवैद्य कोणालातरी सांगत होते, "ती चौथी आहे ना, तिच्या दोन दाढा मी काढल्यात. आता बघा कशी मोकळी गाते." एक कागदी पुडी दोन गाणी संपेपर्यंत उघडली जात होती. "गॅस बंद केलात ना?" असं कोणीतरी कुजबुजलं, आणि त्या प्रश्नानंतर पसरलेली शांतता इतकी गडद होती की साहेबांनी मुद्रणाचा काटा चालू आहे ना ते पाहिलं.

शेवटचं गाणं आलं. बायको मागच्या रांगेतून पुढे आली. बावीस वर्षं पुढे कोणाची तरी पाठ बघायची सवय, त्यामुळे समोर मोकळी जागा दिसल्यावर ती क्षणभर गोंधळली. मग तिने डोळे मिटले आणि पहिली ओळ घेतली.

साहेबांना गाण्यातलं काही कळत नसे. पण पहिल्या ओळीला साउंडवाल्याने बोर्डावरचे पाय खाली घेतले, हे त्यांनी पाहिलं. दुसऱ्या ओळीला दंतवैद्य गप्प झाले. तिसरी ओळ वर वर चढत गेली, टोकाशी पोचली आणि थांबली. बाईंनी लिहिलं होतं तशी, पूर्ण.

त्या शांततेत हेडमास्तर उभे राहिले आणि प्रचंड, दीर्घ टाळ्या सुरू झाल्या.

टाळ्या थांबेनात. अठरावी रांग हेडमास्तरांकडे बघत होती, उरलेला हॉल अठराव्या रांगेकडे, आणि हेडमास्तर दीर्घ म्हणजे किती या विचारात. मागच्या रांगेतल्या बायकांनी गाणं संपलं असं समजून नमस्कारासाठी हात जोडले. गाण्याच्या बाईंनी कपाळावर हात मारला, तो बोर्डात स्पष्ट आला. चौथी ओळ वाहून चालली होती. साहेबांना बायकोचा चेहरा दिसला आणि त्यांनी कानावरचे हेडफोन काढले.

तेव्हा ती, जी घरी पाहुण्यांसमोरसुद्धा मोठ्याने बोलत नसे, तिने हात वर केला आणि माइकमध्ये म्हणाली, "थांबा हो! अजून संपलं नाही. एक ओळ राहिलीये."

सगळा हॉल हसला. खळखळून, मनापासून, आपण पकडलो गेल्यावर माणसं हसतात तसा. मग चिडीचूप झाला. आणि तिने चौथी ओळ गायली, आवाजात ते हसू थोडंसं तसंच ठेवून.

घरी आल्यावर तिने केसांतला गजरा काढून ठेवला. "बावीस वर्षं तोंड बंद ठेवलं, आणि उघडलं ते असं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यंत्र घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले. टाळीचा ठसा शोधायला गेले तर दोन्हीकडे आठशे माणसांच्या टाळ्यांचं जंगल. पण जंगलात हद्दीचा दगड शोधण्यात त्यांची हयात गेली होती. पहिल्या टाळीचा ठसा गर्दीच्या अर्धा सेकंद आधी एकटाच उभा होता. त्यांनी ठशावर ठसा ठेवला. अंतर निघालं सदुसष्ट हजारांश. त्यांनी लिफ्टवाल्याला दारात तेवढं थांबवलं आणि हॉल एकदम त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहिला.

आता प्रश्न प्रमाणाचा. बायका किती आणि माणसं किती. या प्रश्नावर मत देण्यासाठी दुपारपर्यंत घरात एकवीस जण जमले. वृंदातल्या एकेकीला आपला आवाज थोडा वर हवा होता. बोर्डात सगळ्यांना मिळून चारच माइक होते आणि एकीला वर केलं की शेजारच्या दोघीही वर येतात, हे सांगितल्यावर शेजारच्या दोघी म्हणाल्या, "मग करा की." काकूंना आपलं "वाह" सापडेना. हेडमास्तर म्हणाले, "श्रोते साठ टक्के ठेवा. गाणारे कुठेही मिळतात."

एवढ्यात गाण्याच्या बाई आल्या. त्या आल्यावर सगळे उठले, बसले आणि गप्प झाले.

"ते वाक्य काढा," बाई म्हणाल्या.

"काटछाट चालत नाही, बाई."

"मग झाका. तुमच्याकडे दोन बटणं आहेत ना?"

ते मात्र करता येत होतं. ती बोलली त्या क्षणापुरता बोर्डाचा आवाज शून्यावर न्यायचा. हॉलच्या माइकवर टाळ्यांच्या कडकडाटात तिचे शब्द बुडालेलेच होते. कुठे कापाकापी नाही, नियम मोडायचा नाही, आणि वाक्य गायब. आतल्या दारातून बायको म्हणाली, "हो, झाका ते. माझी शपथ आहे तुम्हाला."

साहेबांनी झाकलं. सगळे ऐकू लागले. तिसरी ओळ चढली, थांबली, टाळ्या पडल्या. मग काहीही कारण नसताना आठशे माणसं हसली. मग चौथी ओळ.

टेबलाभोवती कोणी कोणाकडे बघेना.

"हे लोक तुमच्या बायकोला हसल्यासारखे वाटतात हो," दंतवैद्य हळूच म्हणाले.

साहेबांनी बटण पूर्ववत केलं आणि उठले. आत जाऊन त्यांनी बायकोच्या कानाला हेडफोन लावले. ती नको नको म्हणत होती. त्यांनी आधी झाकलेलं ऐकवलं, मग उघडं. झाकलेलं ऐकताना तिने ओठ चावला. उघडं ऐकताना "एक ओळ राहिलीये" आलं, हॉल हसला, आणि तिच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला.

"हा माझा आवाज आहे?"

"सदुसष्ट हजारांश थांबवलेला," साहेब म्हणाले. "बाकी तुझाच."

तिने चौथी ओळ पुन्हा ऐकली. आणि पुन्हा. मग हेडफोन काढून बाहेर आली आणि वृंदात आल्यापासून पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बाई, राहू दे ते. नाही घेतलं तर नाही घेतलं."

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. "सूर बरोबर होता," त्या म्हणाल्या. "बोलतानासुद्धा." बाईंच्या तोंडून याहून जास्त काही कधी कोणी ऐकलं नव्हतं. मुद्रण जसंच्या तसं गेलं.

दोन महिन्यांनी निवडीचं पत्र आलं. इमारतीत उड्या मारून झाल्यावर कोणीतरी त्याची मागची बाजू वाचली. त्यावर अट क्रमांक सात होती: "निवड झालेल्या वृंदाने सादरीकरण मान्य ध्वनिमुद्रणाप्रमाणेच, कोणताही फेरफार न करता करावे. प्रतिनिधी प्रत्यक्ष पडताळणी करतील."

बाईंनी फोन लावला. "म्हणजे मधला तो गोंधळसुद्धा?"

"गोंधळ कितव्या मिनिटाला आहे?" पलीकडच्या कारकुनाने विचारलं.

"बेचाळिसाव्या."

"मग बेचाळिसाव्यालाच करा. उशीर नको."

हेडमास्तरांनी याचा अर्थ आपण आता अधिकृत कलाकार आहोत असा घेतला. वृंदाखेरीज सव्वीस माणसं बसने निघाली. वाटेत दोन तालमी झाल्या. पण त्या तीन हजारांच्या सभागृहात पोचल्यावर कळलं की जागा सोडत काढून दिल्या आहेत. दंतवैद्य डावीकडच्या कोपऱ्यात, काकू खांबाआड, हेडमास्तर वरच्या सज्जात शेवटी, जिथून त्यांना कोणी दिसत नव्हतं आणि ते कोणाला दिसत नव्हते. साहेब मध्यावर एकटेच. आणि पहिल्या रांगेत, मांडीवर फाइल आणि हातात उघडं पेन घेऊन, आयोजकांचा प्रतिनिधी. त्याच्या कागदावर मिनिटांचे रकाने होते आणि प्रत्येक रकान्यात तो न चुकता बरोबरची खूण करत आला होता.

बेचाळिसावं मिनिट आलं. मागे चाळीस वादक, समोर तीन हजार अनोळखी माणसं. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरी चढत चढत गेली आणि थांबली.

कोणी टाळी वाजवली नाही.

त्या सभागृहातली माणसं जाणकार होती. गाणं कुठे संपतं ते त्यांना कळत होतं. सव्वीस जण एकमेकांना शोधत होते आणि हेडमास्तर सज्जात अंधारात वेळापत्रक वाचायला चष्मा चाचपत होते. एक सेकंद गेला. दोन गेले. आपण एकट्याने टाळी वाजवावी असं साहेबांच्या मनात आलं, पण एकट्याने टाळी वाजवण्याचा त्यांचा पूर्वानुभव काही चांगला नव्हता. तीन सेकंद. प्रतिनिधीने मान वर केली. पेन कागदावर टेकलं, फुलीच्या पहिल्या रेघेसाठी.

बायकोने ते पेन पाहिलं. मग तिने सभागृहाकडे पाहिलं, आणि शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तितक्या सहज आवाजात माइकमध्ये म्हणाली, "अहो, इथे टाळ्या आहेत. अर्जात लिहिलंय."

एक क्षण काही झालं नाही. मग सभागृह कोसळलं. तीन हजार माणसं हसत होती आणि टाळ्या वाजवत होती, वाद्यवृंदातले लोक वाद्यं मांडीवर ठेवून टाळ्या वाजवत होते, वर सज्जात एक म्हातारा माणूस "प्रचंड! प्रचंड!" असं ओरडत होता. तिने त्यांना हवा तेवढा वेळ दिला. मग हात वर केला.

"थांबा हो! अजून संपलं नाही. एक ओळ राहिलीये."

आणि तिने ती गायली.

आधीचं ते जादा वाक्य मुद्रणात नव्हतं, आणि नियमाप्रमाणे त्याची नोंद होणं भाग होतं. प्रतिनिधीने पेन उचललं, कागदाकडे पाहिलं, स्टेजकडे पाहिलं, आणि ते दातांत धरलं. टाळ्या वाजवायला त्याला दोन्ही हात लागणार होते.